ओमानच्या डोंगरात स्वतःची गाडी: निघण्याआधी

आखातात आपल्यापैकी बहुतेक घरांचं कुणी ना कुणी असतं. कोकणातल्या घरांचं तर विचारूच नका. ही माणसं सुट्टीवर आली की खजूर, अत्तर आणि मॉलच्या गोष्टी घेऊन येतात. माझी थोरली बाजी एकोणीस वर्षं मस्कतला आहे, पण तिच्या गच्चीवरून दिसणाऱ्या डोंगरात तिनं एकही रात्र काढलेली नव्हती. ‘तिकडं काय आहे? दगडच दगड,’ असं ती म्हणायची. आम्ही राजूरची माणसं, कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगडाच्या मुलखात वाढलेली. दगडच दगड आहेत म्हटल्यावर आमच्या घरात उलट उत्सुकता वाढली.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत, इन्शाअल्लाह, आम्ही आठ दिवस ओमानच्या डोंगरांत आणि वाळवंटाच्या कडेकडेनं फिरणार आहोत. टूर कंपनी नाही, ड्रायव्हर नाही. दोन गाड्या, एक दुल्हाभाईंची आणि एक भाड्याची. भाड्याच्या गाडीच्या टपावर घडीचा तंबू, मागच्या बाजूला शिधा आणि पाणी. चालवणार मुलांचे अब्बा. गेले सात महिने जेवणाच्या दस्तरख्वानवर हाच विषय आहे. गावात, शाळेत, लग्नकार्यात भेटणारे दोनच गोष्टी विचारतात, खर्च किती आणि व्हिसा कसा. ते पुढे सांगतेच. पण तयारीत सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो तिसऱ्याच प्रश्नानं. गाडी कुठून मागे फिरवायची, आणि ‘फिरवा’ हे कुणी म्हणायचं?

आधी गाडीचं बोलू. कॅम्पर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पलंग, शेगडी, बेसिन असलेली मोठी व्हॅन येते. आपल्या राज्य सरकारनंही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा वर्तमानपत्रांत अशाच गाड्यांचे फोटो होते. युरोपातल्या डांबरी रस्त्यांवर त्या छान चालतात. ओमानच्या डोंगरातल्या खडीच्या चढांवर आणि वाळूत असलं अवजड धूड उपयोगाचं नाही. तिथं लागते चारही चाकांना ताकद मिळणारी, पोटाखाली भरपूर मोकळी जागा असलेली गाडी, म्हणजे फोर बाय फोर. तंबू टपावर, चढायला शिडी, आणि मागचं दार उघडलं की तेच स्वयंपाकघर. जबल अख्जर, म्हणजे हिरवा डोंगर, त्याच्या पायथ्याला बिरकत अल-मौज इथं पोलिसांची चौकी आहे. फोर बाय फोर नसेल तर तिथूनच परत पाठवतात. रस्ता वरपर्यंत डांबरी आणि चांगला रुंद आहे, तरीही. कारण चढ नव्हे, उतार. उतरताना ब्रेक तापून निकामी झालेल्या गाड्यांसाठी त्या रस्त्याला जागोजागी कडेला चढावाच्या आपत्कालीन वाटा काढून ठेवल्या आहेत.

मुलांच्या अब्बांनी वीस वर्षं राजूर-घोटी मार्गावर काळी-पिवळी जीप चालवली आहे. धुक्यात, पावसात, समोरून उसाचा ट्रक येत असताना. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा आपल्याकडच्या ड्रायव्हर लोकांचा नियम त्यांच्या हाडात आहे, आणि जबल अख्जरलाही तोच लागू पडतो. म्हणून आमच्या घरात सुरुवातीला सगळे निर्धास्त होते. पण ओमानमध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात आणि स्टेअरिंग डावीकडे असतं. वीस वर्षं जो हात डावीकडे गिअर शोधत आला तो आता दारावर आपटणार. वर तिथं चौकाचौकात गोल चक्कर, आणि त्यात आधीपासून असलेल्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं. त्या गाड्या येणार डावीकडून, आणि आपली मान सवयीनं वळणार उजवीकडे. वाळूचा तर अनुभवच नाही. वाळूत शिरण्याआधी चाकांतली हवा पस्तिसाच्या आसपासून पंधरा-अठरापर्यंत उतरवतात, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. पुन्हा डांबरावर आलं की हवा भरायची. त्यासाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ हवाच. आपल्याकडे चाकात हवा कमी असणं हा आळस समजतात. अब्बांना ही गोष्ट पटायला दोन दिवस लागले.

त्यांनी स्वतःच एक अट घातली, आणि ती मला फार आवडली. पहिला संपूर्ण दिवस मस्कतमध्येच, दुल्हाभाई शेजारी बसलेले, सामान आणि मुलं गाडीत नाहीत. घाट दुसऱ्या दिवसापासून. सराव झाला नाही असं वाटलं तर तिसऱ्या दिवसापासून. आठ दिवसांतला एक दिवस असा ‘वाया’ घालवायला अनुभवी माणूसच तयार होतो.

हवामानाचं गणित आम्हा शिक्षकांना जड जातं, कारण आमच्या सुट्ट्या ठरलेल्या. मे महिन्याच्या सुट्टीत ओमानमध्ये उन्हाचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तंबूचा विचारही करू नये. जून ते सप्टेंबरमध्ये दक्षिणेला सलालाकडे आपल्यासारखा पावसाळा असतो, त्याला तिथं खरीफ म्हणतात. (आपल्या शेतकऱ्याला अरबी शिकवायची गरज नाही, तो रोज बोलतो.) पण सलाला मस्कतहून सुमारे १,००० किलोमीटर, आणि तेव्हा आमच्या शाळा सुरू असतात. राहिली दिवाळी. दिवसा ऊन सोसवेल इतपत, आणि उंचावर रात्री स्वेटर लागेल अशी थंडी. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. तिथल्या जबल शम्सची सुमारे ३,००० मीटर, जवळजवळ दुप्पट.

तरी दिवाळीच्या आसपासचा काळ पूर्ण निर्धोक नाही, कारण तो अरबी समुद्रातल्या वादळांचाही काळ असतो. सप्टेंबर २०२१ मध्ये बंगालच्या उपसागरात ‘गुलाब’ नावाचं चक्रीवादळ उठलं. आंध्रच्या किनाऱ्यावरून ते जमिनीवर आलं, कमजोर होत आपल्या मराठवाड्यावरून गेलं, तिथं नद्यांना पूर आणले आणि अरबी समुद्रात उतरलं. तिथं त्यानं पुन्हा जोर धरला, नाव बदलून ‘शाहीन’ झालं आणि ३ ऑक्टोबरला ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर जाऊन आदळलं. गुलाब हे नाव पाकिस्ताननं दिलेलं, शाहीन कतारनं. आठवीतल्या माझ्या मुलाला मी नकाशावर ही वाट काढून दाखवली, तर तो म्हणाला, ‘अम्मी, म्हणजे आपल्या ढगांचं मामाचं गाव मस्कत.’ त्यामुळे आम्ही विमानाची तारीख ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून जमेल तेवढी लांब ठेवली आहे. निघण्याच्या आठवड्यात अरबी समुद्राचं हवामान रोज बघायचं काम मुलीकडे आहे. ती अकरावीत आहे, भूगोल घेतलेला.

आता वादीकडे येते. वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. वर्षातले बहुतेक दिवस त्यात गोटे आणि वाळू, कुठे कुठे हिरव्या पाण्याचे डोह आणि खजुराची झाडं. उतरावंसं वाटतं, तंबू लावावासा वाटतो, सपाट आणि सावलीची जागा तीच असते. आणि तिथंच रात्र काढायची नसते. वर पन्नास किलोमीटरवर पाऊस पडला, तर तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असताना पाण्याची भिंत खाली येऊ शकते. आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. साम्रदची सांदण दरी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधून चालायला फूट-दोन फूट जागा, आणि पावसाळ्यात तिथं कुणी उतरत नाही. ओमानच्या वादी म्हणजे गाडी जाईल एवढ्या रुंद सांदण दऱ्या असं मी मुलांना सांगितलं.

तिथं रस्ते वादीला पुलावरून ओलांडतात तसे कित्येक ठिकाणी वादीच्या तळातूनच जातात, आपल्याकडच्या फरशी पुलांसारखे. अशा ठिकाणी कडेला खांब असतात, खाली पांढरे आणि वर लाल रंगवलेले. पाणी लालला लागलं की थांबायचं, असा त्याचा अर्थ, आणि तसं पाटीवर लिहिलेलंही असतं. वाहत्या वादीत जाणूनबुजून गाडी घालणं हा तिथं गुन्हा आहे. तरीही दरवर्षी माणसं जातात. एप्रिल २०२४ मध्ये समद अल-शान भागात शाळकरी मुलांना घेऊन निघालेलं वाहन पुरात वाहून गेलं आणि मुलं दगावली. मी शिक्षिका आहे. ती बातमी वाचल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी घेताना प्रत्येक नावाला मी मान वर करून त्या मुलाकडे पाहिलं. समुद्राचंही तसंच. जुलै २०२२ मध्ये सलालाजवळच्या मुगसैल किनाऱ्यावर लाटेनं ज्यांना ओढून नेलं, त्यांत आपल्या महाराष्ट्रातल्या एका कुटुंबातली माणसं होती, लहान मुलांसह. ईदच्या सुट्टीत फिरायला आलेली.

या दोन बातम्यांनंतर आमच्या घरी मागे फिरण्याची चर्चा सुरू झाली. प्रत्यक्ष जागेवर, पाण्यासमोर, इंजिन चालू असताना निर्णय घ्यायचा म्हटलं की तो ड्रायव्हरच घेतो. आणि ड्रायव्हरला तेव्हा बरंच काही ऐकू येत असतं. मागच्या गाडीचा हॉर्न, पुढे पार झालेली गाडी, भरलेलं भाडं, हॉटेलचं बुकिंग, शेजारी बसलेल्या साडूभाईंची नजर. मुलांचे अब्बा शहाणे आहेत, पण ते पुरुष आहेत आणि ड्रायव्हर आहेत. हे मी त्यांच्यासमोर म्हटलं तेव्हा ते हसले, आणि मग गप्प झाले. मग आम्ही ठरवलं की गाडीतल्या कुणीही एकानं ‘नको’ म्हटलं की गाडी थांबेल. कारण विचारायचं नाही, चेष्टा करायची नाही, रात्री जेवताना विषय काढायचा नाही. आठवीतल्या पोरालाही हा हक्क. उलट ‘जाऊ या’ म्हणायला मात्र सगळे लागतील.

दुसरी गोष्ट वेळेची. नोव्हेंबरात तिथं संध्याकाळी साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. म्हणून प्रत्येक दिवसाला एक ‘परतीची वेळ’ वहीत लिहून ठेवली आहे. त्या वेळेला ठरलेली जागा आली नसेल तर ती सोडून द्यायची, आणि आदल्या रात्रीच शोधून ठेवलेल्या जवळच्या दुसऱ्या जागी मुक्काम. मगरिबनंतर गाडी चालवायची नाही. अंधारात रस्त्यावर उंट येतात, आणि उंट गाडीच्या दिव्यांच्या वर उभा असतो. दिसतात ते फक्त पाय.

दूरचं जवळ दिसणं हा त्या मुलखाचा गुणच असावा. इब्न बतूता सातशे वर्षांपूर्वी त्याच किनाऱ्यावर होता. त्याच्या सफरनाम्यातला हा प्रसंग मी मुलांना उर्दू तर्जुम्यातून वाचून दाखवला. सूरच्या बंदरात जहाज लागलं, तिथून डोंगराच्या उतारावर कलहात शहर दिसत होतं. जवळ वाटलं. संध्याकाळपर्यंत पोहोचू असं सांगण्यात आलं, म्हणून तो पायी निघाला. सोबत खिज्र नावाचा एक हिंदी माणूस आणि एक भाड्याचा वाटाड्या. वाटाड्याचा डोळा कपड्यांवर. त्यानं दोघांना खाडीच्या खोल पाण्यात उतरवायचा बेत केला, पण इब्न बतूताच्या लक्षात आलं आणि त्याच्या हातात भाला होता. मग वाट चुकली, पाणी संपलं, तहानेनं जीव कासावीस झाला. रात्र डोंगरात काढावी लागली, आणि तो भाला हातात घेऊन जागत बसला. दुसऱ्या दिवशी कलहातला पोहोचला तेव्हा पाय इतके सुजले होते की नखांतून रक्त यायचं बाकी होतं, आणि कित्येक दिवस त्याला उभं राहता येईना. हे अंतर आज गाडीनं वीस-पंचवीस किलोमीटर भरतं. कलहातचे अवशेष आणि तिथला बीबी मरियमचा मकबरा २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. आम्ही तिथं सातव्या दिवशी थांबणार आहोत. जगभर फिरलेल्या माणसानं अंतर विचारलं, पण पाणी आणि दिवसाचा उजेड मोजला नाही, यावर मुलांची बराच वेळ चर्चा झाली. खिज्रबद्दल पुढे काय झालं हेच मुलाला जास्त महत्त्वाचं वाटलं.

पाणी आम्ही आधी घरच्या डोंगरात मोजून घेतलं. फेब्रुवारीत अब्बांच्या जुन्या जीपमध्ये सामान भरून भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यानं निघालो. शेंडी, मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी. १९२६ साली बांधून झालेल्या विल्सन धरणाचं ते पाणी, आमच्या पाहुण्यांना दाखवायची आमची ठेवणीतली जागा. रतनवाडीत ओळखीच्या शेतात, मालकाला विचारून, दोन रात्री राहिलो. नियम असा की जवळ धरण असलं तरी वापरायचं ते जीपमधलंच पाणी. वीस लिटरचे दोन जार नेले होते. माणसं चार. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही रिकामे. पिण्यात गेलं त्याहून जास्त भांड्यांत आणि वुजूत.

मग मी घरी परतल्यावर मुलांना एक प्रयोग दिला. हुजूर (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत असं हदीसमध्ये आलं आहे. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटरच्या आत. शाळेतला मोजपात्र घरी आणला, मापून पाणी दिलं आणि म्हटलं, करा. पहिल्या दिवशी मुलाचं पाणी चेहरा धुण्यातच संपलं. आठवड्याभरात तिघांना जमलं, अब्बांना अजून लिटर लागतं. भांड्यांसाठी उपाय सोपा निघाला, ताटं कमी नेणे आणि खरकटं आधी कागदानं पुसणे. आता हिशोब असा की पिण्याचं माणशी पाच लिटर रोज, बाकी सगळ्यासाठी माणशी तीन. आणि त्यावर एका दिवसाचं पाणी वेगळ्या डब्यात, ज्याला हात लावायचा नाही.

रतनवाडीनं आणखी एक गोष्ट शिकवली, जी प्रवासाच्या लेखांत कुणी लिहीत नाही. बायकांच्या सोयीचं काय? उघड्या डोंगरात पुरुषांचं भागतं. त्यामुळे आमच्या यादीत सगळ्यात वर एक छोटा, उभा, चहूबाजूंनी बंद होणारा तंबू आहे, एक घडीची खुर्ची-कमोड आणि एक फावडं. पाळीच्या दिवसांचं सामान आणि ते परत घेऊन येण्यासाठी काळ्या पिशव्या वेगळ्या. वस्तीपासून, शेतापासून आणि फलजपासून लांब. फलज म्हणजे डोंगरातून गावात आणलेले पाण्याचे पाट, शेकडो वर्षांचे. पाळी ठरवून शेताशेताला पाणी वाटतात. त्यांतले पाच २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. मिस्फात अल-अबरिय्यीन नावाच्या गावात हा पाट घरांमधून, खजुरांखालून, पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत उतरतो. पाणी वाटायच्या पाळीवरून भांडणं तिथंही होत असतील, अशी प्रवरेकाठच्या माणसांना खात्री आहे. गावात शिरताना अंगभर कपडे, मोठ्यानं गाणी नाहीत, आणि तिथल्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत. सरकारी मोकळ्या जागेवर तंबू लावायला तिथं साधारणपणे हरकत नसते, मात्र मस्कत नगरपालिकेच्या हद्दीत परवान्याचे नियम आहेत. ते दुल्हाभाई जाण्याआधी विचारून घेणार आहेत.

कागदपत्रांत खरा अडथळा एकच, तो म्हणजे परवानगी. शाळेत नोकरी असेल तर परदेश प्रवासाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, आणि ती फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चालत जाते. पहिला अर्ज तोच करा. चालकासाठी आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट लागतं. ते आपल्याच परिवहन कार्यालयातून मिळतं. आमच्या अकोले तालुक्यासाठी ते श्रीरामपूर, गाड्यांवर एमएच-१७ लिहितात तेच. फी १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि मूळ लायसन्सची मुदत आधी संपत असेल तर तेवढीच. हे परमिट दुसरं कुणी देऊ शकत नाही. इंटरनेटवर ‘इंटरनॅशनल लायसन्स’ विकणाऱ्यांपासून दूर राहावं. मूळ लायसन्सही सोबत हवं. ओमानचा पर्यटक व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन मिळतो, पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक असावी. तिथला आपत्कालीन नंबर ९९९९, तो आम्ही मुलांकडून पाठ करून घेतला.

गाडीच्या भाड्याच्या करारातलं बारीक अक्षर मात्र दोनदा वाचा. विमा आहे म्हणतात, पण वाळूत, कच्च्या रस्त्यावर किंवा पाण्यात झालेलं नुकसान त्यात बसतं का? टायर, काच, गाडीचं पोट? बहुतेक ठिकाणी बसत नाही. आम्ही तीन ठिकाणी विचारलं आणि जिथं लेखी उत्तर मिळालं तिथंच गाडी ठरवली. ती सगळ्यात महाग होती.

पैशावरून घरात खरा वाद झाला. सासूबाई म्हणाल्या, एवढ्या पैशांत उमरा होईल. त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही, आणि आमच्यासारख्या घरांत हा प्रश्न कुणी ना कुणी विचारणारच. ओमानहून सौदीला रुब अल-खाली वाळवंटातून थेट रस्ता डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाला आहे, मग गाडीनंच उमरा करून या, असाही सल्ला एका नातेवाइकांनी दिला. आठ दिवसांत एवढं वाळवंट ओलांडून जाणं-येणं म्हणजे रात्रंदिवस गाडी चालवणं. थकलेल्या ड्रायव्हरच्या भरवशावर मुलांना घेऊन उमऱ्याला जाणं मला पटत नाही. शेवटी सासूबाईंच्या उमऱ्याचे पैसे वेगळ्या खात्यात आधी टाकले आणि जे उरलं त्यात सफर बसवली. बारा दिवसांची आठ झाली, सलाला गळालं, विमानतळाजवळचं हॉटेल गळालं. सासूबाई आता स्वतःहून विचारतात, तंबू किती माणसांचा आहे.

नमाजीचं वेळापत्रक हेच आमच्या गाडीचं वेळापत्रक आहे. साधारण ७७-७८ किलोमीटरच्या पुढे आम्ही मुसाफिर, म्हणून जुहर, असर, इशा कसर. पण आम्ही हनफी दोन नमाजी एकत्र करत नाही. म्हणजे दिवसभरात थांबणं आपोआप ठरलेलं, आणि ड्रायव्हरला सक्तीची विश्रांती. ओमानमध्ये इबाजी मसलकाचे लोक मोठ्या संख्येनं आहेत. ते हात सोडून नमाज पढतात. सुन्नी, शिया, इबाजी एकमेकांच्या मशिदींत जातात. मुलांना सांगून ठेवलं आहे, शेजाऱ्याकडे टक लावून पाहायचं नाही. मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीला, जी २००१ मध्ये खुली झाली, तीन लाख टन वालुकाश्म आपल्या हिंदुस्थानातून गेला आहे. आणि तिथल्या सुट्ट्या नाण्यांना बैसा म्हणतात. आपला पैसाच तो. १९७० पर्यंत तिथं रुपयाच चालत होता.

स्वयंपाकाचा डबा भरणं अजून बाकी आहे. गॅस विमानात नेता येत नाही, तो तिथं घ्यायचा. मसाला घरचाच, पण या वेळी कुटताना खसखस घातलेली नाही, कारण आखातातल्या कित्येक देशांत खसखशीवर बंदी आहे आणि पुडी बॅगेत सापडली तर जबाब देता देता जीव जाईल. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी, खोकल्याची आणि झोपेची औषधं विचारून. बाजीसाठी राजूरचे पेढे. तिनं एवढंच मागितलं आहे.

मार्ग साधारण ठरला. मस्कतहून निजवा, सुमारे १६० किलोमीटर. तिथं गुरुवारची रात्र काढायची, कारण शुक्रवारी सकाळी निजव्याला शेळ्या-बैलांचा बाजार भरतो. मधल्या गोलात मालक जनावर घेऊन फेऱ्या मारतात आणि भोवती बसलेले लोक बोली लावतात. राजूरला डिसेंबरात डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. त्यात वाढलेल्या मुलांना किल्ल्यापेक्षा याचीच ओढ जास्त. मग जबल अख्जर, मिस्फात, जबल शम्सची ती हजार मीटर खोल दरी, तिथून खाली उतरून शर्किया वाळवंटाची कड. आत फार नाही, आणि दोन्ही गाड्या एकमेकींच्या नजरेत. एकट्या गाडीनं वाळूत शिरायचं नाही. शेवटी सूर, कलहात आणि किनाऱ्यानं परत.

एका वाटेवर मात्र एकमत झालेलं नाही. डोंगराच्या माथ्यावर, शरफत अल-आलमैनपासून हाट गावाकडे आणि पुढे बलद सैतकडे एक उतार जातो. ओमानमध्ये गाडी चालवणाऱ्यांत त्याचं नाव आहे, अरुंद, कच्चा, एका बाजूला कडा. अब्बा रात्री सगळे झोपल्यावर फोनवर त्याचे व्हिडिओ पाहतात. घाटाच्या माणसाला घाटाची ओढ असणारच. मतदान झालं तेव्हा मुलीनं ‘नको’ म्हटलं, म्हणजे नियमाप्रमाणे विषय संपला, आणि तिनं नकाशावर त्या वाटेवर लाल पेनानं फुली मारली. अब्बांचं म्हणणं, निदान ती फुली पेन्सिलची कर. अजून तिनं केलेली नाही.